हात लागला होता

थोरला मुद्रितशोधक होता. पुस्तक छपाईला जाण्याआधी शेवटची नजर त्याची असे, आणि त्या नजरेतून सुटलेली चूक छापखान्याच्या मालकांनी अजून पाहिली नव्हती. धाकट्याचं चष्म्याचं दुकान होतं. दोघे भाऊ लहानपणापासून बुद्धिबळ खेळत. शहराच्या स्पर्धेत दर वर्षी कुठल्या ना कुठल्या फेरीत ते समोरासमोर येत आणि धाकटा हरे.

हरण्याचं त्याला फारसं काही वाटत नसे. खुपायचं ते नंतरचं. डाव संपला की दादा मोहरे पुन्हा मांडायचा, आजूबाजूचे चार लोक गोळा व्हायचे, आणि एका चालीवर बोट ठेवून दादा अगदी मायेनं म्हणायचा, "आमच्या छोट्याला इथे डुलकी लागली." लोक हसायचे. छोट्याही हसायचा. त्याच्या कानांवरचे केस पिकले तरी तो छोट्याच राहिला आणि विनोदही तोच राहिला.

यंदा शेवटच्या फेरीच्या आदल्या दिवशी वहिनी दुकानात आली. चष्म्याची काडी सैल झाली होती. ती घट्ट करून झाली तरी वहिनी उठेना.

"भाऊजी, एक सांगायचंय. पण यांच्या कानावर जाता कामा नये."

"बोला ना."

"यांचं डोकं हल्ली थकतं. सकाळी अगदी ठणठणीत असतात. पण तीन-चार तास एका जागी डोकं लावून बसले की सगळं गढूळ होतं. परवा जेवून उठले आणि थोड्या वेळानं परत पाटावर येऊन बसले. म्हणाले, वाढतेस ना?" वहिनीनं काचेच्या कपाटाकडे पाहत पुढचं सांगितलं. "डॉक्टर म्हणाले, ताण नको. खेळू नका म्हटलं तर चिडतात. उद्या तुमच्याशीच गाठ आहे. बरोबरी झाली तर दोघंही पहिले येता ना?"

"हो. गुण सारखेच आहेत."

"मग लवकर बरोबरी करून टाका. ते आपणहून मागायचे नाहीत. तुम्ही मागितलीत तर देतील."

"करतो, वहिनी," धाकटा म्हणाला. म्हणताना त्याच्या मनात तसंच होतं.

दुसऱ्या दिवशी वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर टेबलं मांडली होती. खिडक्या उंचावर, पंखे आवाज करणारे, आणि मध्ये दोरी बांधून पलीकडे बघ्यांच्या खुर्च्या. दादा इस्त्रीचा शर्ट घालून आला. बसता बसता शेजारच्या टेबलावरच्या खेळाडूला म्हणाला, "आज छोट्याला उशी आणायला सांगितलीय." शेजारी हसला. पंचसुद्धा हसला.

धाकट्यानं घड्याळ सुरू केलं आणि बरोबरीचं नाव काढलं नाही.

दादा सकाळभर सुरेख खेळला. दुपारपर्यंत पटावरचं जवळजवळ सगळं मारलं गेलं होतं. धाकट्याकडे राजा, हत्ती आणि उंट उरला, दादाकडे राजा आणि हत्ती. एका उंटानं पारडं जड दिसतं, पण असा डाव नीट खेळला तर बरोबरीतच सुटतो, हे दोघांनाही पाठ होतं. फक्त ज्याच्याकडे उंट नाही त्याला प्रत्येक चाल अचूक खेळावी लागते. आणि नियम असा, की एकही मोहरं मारलं न जाता पन्नास चाली गेल्या की बरोबरी मागता येते. म्हणजे दादानं पन्नास चाली तग धरायचा होता.

धाकट्याला घाई नव्हती. तो हत्ती एक घर सरकवायचा, उंट मागे न्यायचा, पुन्हा पुढे आणायचा. एकेका चालीला मुद्दाम वेळ घ्यायचा. बाकीची टेबलं रिकामी झाली. वहिनी दादाला न्यायला आली होती, ती दोरीपलीकडे पर्स मांडीवर घेऊन बसली. तिनं धाकट्याकडे पाहिलं. त्यानं पटावरून मान वर केली नाही.

मग त्याला दिसायला लागलं. दादानं एक चाल कागदावर दोनदा लिहिली. पेनाचं टोपण शोधलं, ते त्याच्या डाव्या हातातच होतं. ग्लास ओठाला लावला आणि पाणी न पिता खाली ठेवला. एकदा तर त्यानं मान वर करून धाकट्याकडे असं पाहिलं, जणू हा कोण समोर बसलाय हे आठवून पाहतोय.

"छोट्या," तो हळूच म्हणाला, "बरोबरी?"

दादानं आयुष्यात पहिल्यांदा त्याच्याकडे काही मागितलं होतं.

"खेळूया की, दादा," धाकटा म्हणाला. "कंटाळलास का?"

दादानं मान हलवली आणि पुन्हा पटावर वाकला. गंमत म्हणजे तो चुकत नव्हता. डोकं गढूळ झालं होतं, पण हाताला सवय होती. हत्ती बरोबर जागी जात होता. पन्नासाव्या चालीला थोड्याच चाली उरल्या. धाकट्याच्या लक्षात आलं की हा असाच सुटणार, आणि नंतर मोहरे मांडून लोकांना सांगणार.

दादाचा हात राजाकडे गेला. राजाच्या डोक्यावर बोटं थांबली. बोटं आणि राजा यांच्यामध्ये फट होती. धाकट्याला ती स्पष्ट दिसत होती. मग हात मागे फिरला आणि दादानं हत्ती चालवला. चाल अगदी बरोबर होती.

धाकट्यानं घड्याळ थांबवून पंचाला हाक मारली.

"राजाला हात लागला होता," तो म्हणाला. "राजाच चालवावा लागेल."

पंच जवळ आला. "मी पाहिलं नाही," तो म्हणाला आणि दादाकडे वळला. "तुम्ही सांगा. लागला होता का हात?"

नाही म्हटलं असतं तर तिथेच संपलं असतं. दादानं राजाकडे पाहिलं, मग स्वतःच्या बोटांकडे.

"मला आठवत नाही," तो म्हणाला.

कुणीतरी खुर्ची सरकवली. पंच अवघडला. "नक्की सांगा. नसेल लागला तर तसं म्हणा."

"खरंच आठवत नाही हो. पण तो म्हणतोय तर लागला असेल. माझा भाऊ आहे तो. खोटं नाही बोलायचा."

त्यानं हत्ती मागे ठेवला आणि राजाला कोपऱ्यात नेलं. जायला दुसरी जागा नव्हती. धाकट्यानं उरलेल्या चाली झटपट खेळून मात दिली. दादानं हात मिळवला. या वेळी त्यानं मोहरे पुन्हा मांडले नाहीत.

जिन्यात वहिनीनं धाकट्याला गाठलं. दादा खाली फाटकापाशी उभा होता.

"मी तुम्हाला का सांगितलं होतं?"

"वहिनी, खेळ आहे."

"लागला होता हात?"

"मी समोर बसलो होतो. तुम्ही दोरीपलीकडे."

तिला तिथून खरंच दिसलं नव्हतं.

काही आठवड्यांनी, एका रविवारी धाकटा त्यांच्या घरी गेला. जिंकल्यावर गेलाच नव्हता, आणि न जाणं बरं दिसत नव्हतं. दादा खिडकीशी बसला होता. बराच वाळला होता. वहिनीनं चहा आणून ठेवला आणि ती दाराशीच उभी राहिली.

"उद्या छापखाना सोडतोय," दादा म्हणाला.

"का? कामात काही चुकलं?"

"अजून नाही. पण मी एकेक पान चार-चारदा वाचतो, आणि तरी कळत नाही, वाचलं की वाचलंसं वाटलं. हात कुठे लागला हे ज्याला आठवत नाही त्यानं दुसऱ्याच्या चुका काय काढायच्या?" त्यानं धाकट्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "त्या दिवशी तू बोललास ते बरं झालं. दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता, आणि मी ठीक आहे असंच मला वाटत राहिलं असतं."

धाकट्यानं कप उचलला. एक वाक्य पुरलं असतं. ते त्याच्या ओठांपर्यंत आलंही. पण दाराशी वहिनी उभी होती, आणि तिच्यासमोर ते वाक्य बोलणं त्याला जमेना.

"एक सांग," दादा म्हणाला. "नुसतं बोट लागलं होतं, की राजा हललाही होता?"

"थोडा हलला होता," धाकटा म्हणाला. "जरा तिरका झाला होता."

"तिरका." दादानं डोळे मिटले. मग त्याचा चेहरा सैल झाला. "हां. तिरका झाला होता. आता आठवतंय मला."

वहिनी दारातून आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी दादानं मालकांना सांगितलं. त्यांनी खूप आग्रह केला. गेल्या महिन्याची पानं त्याच्यापुढे ठेवून एकही चूक सुटलेली नाही हे दाखवलं. त्यानं पानांकडे पाहिलंही नाही. मी आता भरवशाचा नाही, एवढंच म्हणाला आणि घरी गेला.