पाप्याला झोंबणारं पाणी

चैत्र संपत आला होता. नेवाशाजवळच्या आमच्या गावात, प्रवरेच्या काठी चिंचेखाली ही गर्दी! मधोमध शीतळबाबा. पुढ्यात मडकं, मडक्यात नदीचं कोमट पाणी. बाबानं पिशवीतून ओंजळभर पांढरी भुकटी काढली, मडक्यात टाकून ढवळली आणि डोळे फिरवून आरोळी ठोकली,

"धाव रे हिमालया! सत्पुरुषाला गार, पाप्याला अंगार!"

पुढच्यांनी हात लावला, तर मडकं गारेगार! गावात बर्फ कुठला?

गर्दीत निम्मे मोटकरी होते. विहिरीतली चामड्याची मोट भरली की बैल धावेच्या उतरणीवरून खाली चालतात आणि भार पडावा म्हणून मोटकरी ताणलेल्या नाड्यावर, म्हणजे मोटेच्या जाड दोरावर, मांड टाकून बसतो. नाडा निसटला की मार बसतो तो अशा जागी, की घरातही सांगवत नाही. बाबा घोंगडीच्या आडोशाला त्या पाण्याचं गार फडकं ठेवायचा आणि हुकूम सोडायचा, "पाच दिवस मोटेवर बसू नगं, धोतर सैल नेस!" माणसं बरी व्हायची. राधाकृष्ण मोटकरी असाच बरा झाला होता.

मी गावच्या शाळेतला मास्तर; मला त्या भुकटीचा संशय होता. पण बाबा पिशवी लगेच मांडीखाली दाबायचा, कुणाला जवळून बघू द्यायचा नाही.

त्या दिवशी छगन मोटकरी घोंगडीआड गेला आणि बोंबलतच बाहेर आला.

"आग झाली! आग!"

बाबा उठून उभा राहिला. "पाप भडकलं! परस्त्रीचा दोष हाय ह्याला! हे तीर्थ ने, तीन दिस लाव. झोंबंल तवर पाप हाय म्हनून समज."

"तरीच बाजाराला एकटा जातुया!" गर्दीतल्या राहीबाईनं टोमणा मारला. बायका छगनच्या बायकोकडे, कडूबाईकडे बघू लागल्या. ती तडक घरी निघून गेली.

दुसऱ्या दिवशी मी छगनच्या घरी गेलो. कडूबाई माहेरी जायला गाठोडं बांधत होती. छगन गोठ्यात पाय फाकवून पडला होता.

"गुर्जी, बैलाच्या गळ्याची आन, मी कुठं गेलो न्हाई."

"ते राहू दे. लागलं कसं?"

"परवा नाडा सुटला. धावंच्या दगडावर आदळलो. जरा चिरलंय."

"लघवी होते का?"

तो मान फिरवून म्हणाला, "थेंब थेंब. लाल येती. सूज बी चढतीया."

मी हबकलो. "ऊठ, आत्ताच्या आत्ता नेवाशाला डॉक्टरकडे!"

"नगं! डाक्टरकडं गेलो तर गाव म्हनंल, त्यो घान रोग झाला. ही बी तेच म्हनंल."

कडूबाई दारातून म्हणाली, "मंग तुमालाच का झोंबलं? राधाकृष्णभावजींना न्हाई झोंबलं!"

तीर्थाचा तांब्या कोनाड्यात होता. मी तो उतरवला. कडूबाईच्या हातावर ताजे लाल ओरखडे होते.

"हे काय गं?"

"सरपन आनताना बाभळीनं वरबाडलं."

"घाल हात यात."

तिनं हात घातला आणि "आई गं!" म्हणत उपसला. मी तांब्या खाली ठेवला आणि कारण तिलाच शोधू दिलं. शाळेतही उत्तर मी मुलांनाच शोधू देतो.

ती हाताकडे बघत राहिली. "मंग मी बी पापी का, गुर्जी?" मग हळूच म्हणाली, "राधाकृष्णभावजींचं नुसतं सुजलं हुतं. ह्यांचं चिरलंय."

तिनं गाठोडं सोडलं, त्यातली वाकळ गाडीत अंथरली आणि स्वतः बैल जुंपले.

डॉक्टरांनी छगनची लघवी मोकळी केली, टाके घातले, धनुर्वाताची सुई दिली. मला बाजूला घेऊन म्हणाले, "उद्यावर टाकलं असतं तर जन्माचं दुखणं झालं असतं."

चार दिवसांनी कडूबाई चिंचेखाली हजर झाली. "बाबा, पाय धुते तुमचं."

साधूला पाद्यपूजेला नाही म्हणता येत नाही. बाबानं ऐटीत पाय पुढे केले. टाचांना रक्ताळलेल्या भेगा! कडूबाईनं पुढ्यातलं तीर्थाचं मडकंच उचलून त्यावर ओतलं. बाबा हातभर उडाला.

"आरं, बाबा बी बाजाराला जातुया वाटतं!" राधाकृष्ण ओरडला. चिंच हसून हलली म्हणावी असं गाव हसलं.

बाबा उडाला तशी पिशवी उघडी पडली. भुकटी बघताच मी ओळखली. कल्हईवाला भांड्यावर टाकतो तो नवसागर! सातवीच्या वर्गात दर उन्हाळ्यात मी तो पाण्यात विरघळवतो आणि मुलं गार पेल्याला गाल लावतात. तिथंच एक मडकं मागवून मी पाणी गार करून दाखवलं. मंत्र म्हटला नाही. नवसागर हा क्षारच. धड कातडीला गार लागतो, उघड्या जखमेला झोंबतो. त्याला पापपुण्य काय ठाऊक! माणसं बरी झाली ती गारव्यानं आणि पाच दिवसांच्या विश्रांतीनं.

मंडळी, नुसता मुका मार असेल तर गार पाण्याचं फडकं ठेवा, पडून राहा. खरचटलं असेल तर स्वच्छ पाण्यानं धुवा, रक्त येत असेल तर स्वच्छ कापड दाबून धरा. राख, चुना, हळद काही भरू नका. पण रक्त दहा-पंधरा मिनिटांत थांबेना, जखम खोल असेल, सूज किंवा कळ वाढत असेल, ताप किंवा पू आला, लघवी अडली किंवा लाल झाली, तर तडक डॉक्टर गाठा. हात मोडला तर आपण लाजतो का? मग इथेच लाज कसली?

लघवी लाल होते हे सांगायला छगनला दोन दिवस लागले. तुम्ही दोन तासही लावू नका.