बदकाचं उजवं चाक

सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी बदक तिसऱ्यांदा चोचीवर आपटलं.

कारखान्याच्या इंजिनिअरबाईंनी ते उचलून पुन्हा जेवणाच्या टेबलावर ठेवलं. दोरी ओढली की डुलत चालणाऱ्या या लाकडी बदकाचं पेटंट या घरातल्या थोरलीच्या आणि तिच्या धाकट्या भावाच्या वडिलांनी पन्नास वर्षांपूर्वी घेतलं होतं. याच घराच्या मागच्या खोलीत तशी हजारो बदकं तयार झाली, विकली गेली; घरात मात्र एकही उरलं नव्हतं. आता कारखाना ती पुन्हा काढणार होता. हा पहिला नमुना पेटंटच्या आराखड्याप्रमाणे बनवलेला होता.

"मिलिमीटरचाही फरक नाही," बाई म्हणाल्या. "तरी तोंडावर पडतंय."

"बाबांचं बदक कधी पडलं नाही," धाकटा भाऊ म्हणाला. कारखान्याच्या संगतीने बदकाला वाईट वळण लागल्यासारखा त्याचा सूर होता.

खिडकीशी मटार सोलत बसलेल्या आत्याने मान वर केली. वय एक्क्याऐंशी. "उजवं चाक अर्धं फिरवून बसवा."

"आत्या, कागदावर दोन्ही चाकं सारखीच आहेत."

"कागद तुझ्या बापाने काढला. चाकं मी बसवली."

ती हात पुसत टेबलाशी आली. चाकांची भोकं मुद्दामच मधोमध नव्हती. दोन्ही वरच्या बाजूला सरकलेली होती. तिने उजवं चाक उपसलं, भोक खाली येईल असं फिरवलं आणि तळव्याने दाबून बसवलं. बदक डावी-उजवीकडे डुलत टेबलाच्या टोकापर्यंत गेलं. बाईंनी ते झेललं.

"बाबांना ठाऊक होतं?" थोरलीने विचारलं.

"न ठाऊक असायला काय झालं? आठ दिवस पडत होतं मेलं. मी चाक फिरवलं तोवर कागद पाठवून झाले होते. म्हणाला, ताई, आता राहू दे. राहू दिलं."

बाईंनी पिशवीतून खोक्यावर छापायच्या मजकुराचा कागद काढला. 'कल्पना आणि रचना' या शब्दांखाली वडिलांचं नाव होतं. "संध्याकाळी पाचला छपाईला जाणार. यात बदल करायचा असेल तर वारस म्हणून तुम्हा दोघा भावंडांच्या सह्या लागतील."

"बदल कसला? एक चाक फिरवलं म्हणून…" धाकटा म्हणाला.

"त्यानेच चालतंय ना रे ते," थोरली म्हणाली.

"पेटंटवर एकच नाव आहे, ताई. आणि उत्तर द्यायला बाबा नाहीत."

थोरलीने मजकुराचा कागद आपल्याकडे ओढला.

"मला कशाला खोक्यावर चढवता?" आत्या म्हणाली. "या वयात उतरवणार कोण?"

सगळे हसले. आत्या पुन्हा मटारांकडे वळली. चार शेंगा झाल्यावर तिने मान वर न करता विचारलं, "दोन ओळी मावतील का तिथे?"

"मावतील," बाई म्हणाल्या.

थोरलीने वडिलांच्या नावाखाली आत्याचं पूर्ण नाव लिहिलं, सही केली आणि कागद भावापुढे सरकवला. त्याने तो दोनदा वाचला आणि सही न करताच घडी घालून खिशात ठेवला. "विचार करून सही करतो. चारपर्यंत मी स्वतः कारखान्यात नेऊन देतो."

पाच वाजून दहा मिनिटांनी थोरलीने कारखान्यात फोन लावला. कागद पोचला नव्हता.

"सहापर्यंत थांबते," बाई म्हणाल्या. "नाहीतर जुनाच मजकूर जाईल."

आत्या खुर्चीत बसून बदकाला नवी दोरी बांधत होती. थोरलीने भावाचा नंबर फिरवला. फोन वाजत होता. तो उचलत नव्हता.