मागच्या दारापाशी उठलेले हात

ती त्या मार्गावर बस चालवायला लागली, तेव्हा पहिल्याच दिवशी कंडक्टरकाका तिला म्हणाले, "ताई, तुमचं लक्ष समोर ठेवा. मागं काय चाललंय ते मी बघतो."

काका निवृत्तीला टेकलेले होते. मागं काय चाललंय ते ते बघायचेही; पण बघून झालं की मान वळवून खिडकीबाहेर बघत बसायचे.

मागं गॉगलचं राज्य होतं. त्याचं खरं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. आभाळ भरून आलेलं असलं तरी डोळ्यांवरचा काळा चष्मा काही उतरायचा नाही, म्हणून सगळे त्याला गॉगल म्हणायचे. संध्याकाळच्या बसला तो आणि त्याचे दोन दोस्त बाजाराच्या थांब्यावर चढायचे. शेवटचं बाकडं अडवायचं, बूट समोरच्या सीटवर ठेवायचे, मोबाइलवर कानठळ्या बसतील अशी गाणी लावायची, पायापाशीच थुंकायचं. काकांनी तिकीट विचारलं की गॉगल गोड हसून म्हणायचा, "काका, घरी वाट बघतात ना तुमची? मग जपून राहा की."

एकदा तिच्याच्यानं राहवलं नाही. बस कडेला घेऊन ती मागं वळली. "नीट बसायचं असेल तर बसा, नाहीतर गाडी हलणार नाही."

गॉगल काही बोलण्याआधी बाकीचेच बोलले. "अहो बाई, चला ना! आम्हाला घरदार आहे." "तुमच्या भांडणात आमचा का खोळंबा?" गॉगलनं टाळ्या वाजवल्या. तिनं मुकाट्यानं गिअर टाकला. घरी पोहोचेपर्यंत तिचे कान तापलेले होते. डेपोच्या साहेबांकडे तिनं तक्रार केली, साहेब "बघू" म्हणाले, आणि ते बघणं तिथंच राहिलं.

त्याच बसला पडदे शिवणाऱ्या कारखान्यातले कामगार असायचे. आठ-दहा जण, बायका जास्त, पुरुष कमी. सगळे बहिरे. मिळेल तिथं जागा पकडायचे, त्यामुळे कुणी पुढं, कुणी मधे, कुणी पार मागच्या खांबाला टेकलेलं. पण गप्पा मात्र अखंड चालू. बाकीच्यांना दोन सीट पलीकडं बोलायचं तर ओरडावं लागे. यांचे हात माणसांच्या डोक्यांवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत बोलत. मधेच सगळे एकदम हसायचे, तेव्हा आतल्या आरशात बघणाऱ्या तिला वाटायचं, छे, एवढा चांगला विनोद आपला हुकला. त्यांच्यात एक पिकल्या केसांच्या, जाड भिंगाच्या बाई होत्या. बाकीचे त्यांच्याकडं बघून उठायचे-बसायचे, म्हणून काका त्यांना मोठ्याबाई म्हणायचे. गॉगल कधी कधी हात वेडेवाकडे हलवून त्यांची नक्कल करायचा. मोठ्याबाई ती शांतपणे बघायच्या आणि मान फिरवायच्या.

त्या दिवशी बस खचाखच भरली होती. नर्सिंग शिकणारी एक मुलगी पांढऱ्या गणवेशात मागच्या दाराजवळ दांडा धरून उभी होती. बस पुलावर चढली आणि गॉगल बाकड्यावरून उठून तिच्यामागं येऊन उभा राहिला.

चालवणारीला आरशात सगळं दिसत होतं. मुलगी थोडी पुढं सरकली, तोही सरकला. ती दाराकडं वळली, त्यानं दांड्यावर हात टाकून वाट अडवली. त्याचा दुसरा हात कुठं होता ते मुलीच्या चेहऱ्यावरून कळत होतं. तिनं शेजारी बसलेल्या गृहस्थांकडं पाहिलं. त्यांनी वर्तमानपत्र जरा उंच धरलं.

"ए, मागं हो!" चालवणारी समोरूनच ओरडली. गाण्यात तिचा आवाज विरून गेला. पुलावर थांबायला जागा नव्हती, मागं गाड्यांची रांग.

आणि आरशात एक हात वर गेला.

मोठ्याबाईंचा. बसल्या जागेवरून त्यांनी तो डोक्याच्या वर नेला आणि बोटांनी काहीतरी चटकन सांगितलं. पुढच्या दारापाशी एक हात उठला. मधल्या खांबाजवळ दुसरा. मग इकडं, तिकडं, गर्दीतून एकेक हात वर येत गेला, बोलला आणि खाली गेला. बसमध्ये त्या गाण्याशिवाय आवाज नव्हता. पण तिच्या अंगावर सरसरून काटा आला. एवढ्या माणसांच्या डोक्यांवरून काहीतरी प्रचंड निघून गेलं होतं आणि ते कुणाला ऐकूच आलं नव्हतं.

ते उठले. कुणाला कोपरानं बाजूला करत, कुणाच्या पिशवीवरून पाय टाकत ते मागच्या दाराकडं सरकले. मोठ्याबाई सगळ्यांत आधी पोहोचल्या. मुलगी आणि गॉगल यांच्यात बोटभर जागा होती, तिथं त्या खांदा घालून शिरल्या. मग एक उंच तरुण, मग दोन बायका, मग बाकीचे. बघता बघता मुलगी त्यांच्या आत होती आणि गॉगल बाहेर.

गॉगल शिव्यांवर उतरला. आईवरून, बहिणीवरून, तोंडाला येईल ते. त्याचा आवाज चढत गेला, मानेच्या शिरा फुगल्या. समोरच्या चेहऱ्यांवर काहीच उमटेना. आजवर ज्या आवाजानं बसमधल्या भल्याभल्यांना मान खाली घालायला लावली होती, तो तिथं नुसता हवेत विरत होता. त्यानं उंच तरुणाला ढकललं. तरुण झोकांडला, दांडा धरून पुन्हा जागेवर उभा राहिला. त्यानं हात उगारला नाही. कुणीच उगारला नाही. ते फक्त बघत होते, सरळ त्याच्या काळ्या काचांत, पापणी न हलवता.

त्याच्या एका दोस्तानं गाणं बंद केलं. "सोड ना, चल," तो पुटपुटला.

गाणं थांबल्यावर बसमध्ये जी शांतता पसरली, तिच्यात सगळ्यांना मुलीचे हुंदके ऐकू आले. वर्तमानपत्रवाल्या गृहस्थांनी घडी घातली आणि ते उभे राहिले. मग त्यांच्या पुढच्या सीटवरची बाई. मग काका. काका गर्दीतून वाट काढत मागं गेले, गॉगलसमोर उभे राहिले, आणि कापऱ्या पण मोठ्या आवाजात म्हणाले, "ताई, आता दार पोलीस चौकीपाशीच उघडायचं."

"बरं, काका!" ती म्हणाली.

मधे दोन थांबे गेले. "अहो, माझं उतरायचं राहिलं," एक जण म्हणाला. "गप बसा हो, चालत या परत," त्याच्या बायकोनं त्याला दटावलं.

चौकीत गॉगलचा चष्मा उतरवला गेला, तेव्हा त्याचे डोळे अगदीच साधे निघाले. मुलीनं तक्रार दिली. कारखान्याच्या मुकादमबाईंना खुणांची भाषा येत होती, त्या धावत आल्या. मोठ्याबाईंचा जबाब सुरू झाला आणि हवालदारांपासून चहावाल्यापर्यंत सगळे कामं सोडून दारात थांबले. त्या हातांनी बस उभी केली, गर्दी उभी केली, मुलगी कशी सरकली आणि तो कसा सरकला ते दाखवलं. लिहून घेणाऱ्या पोलीसबाई लिहायचंच विसरल्या.

बस चालवणारी मात्र अजून आरशातल्या त्या हातातच अडकली होती. तिनं मुकादमबाईंना विचारलं, "यांनी पहिल्यांदा हात वर केला, तेव्हा काय सांगितलं?"

मुकादमबाईंनी विचारून घेतलं. "त्या म्हणतात, 'मुलगी एकटी आहे' एवढंच सांगितलं."

"आणि बाकीचे काय म्हणाले?"

"ते म्हणाले, 'आलो.'"

त्या संध्याकाळी घरी तिनं नवऱ्याला सगळं सांगायला घेतलं. हात वर करून दाखवला. नवऱ्यानं विचारलं, "मग तू काय केलंस?"

"गाडी चालवली," ती म्हणाली. "आणि बघत राहिले. असं मी जन्मात पाहिलं नव्हतं रे."

खटला रेंगाळला, पण मुलगी मागं हटली नाही. गॉगलला शिक्षा झाली. त्याचे दोस्त त्या बसला परत दिसले नाहीत. बसमधली माणसं काही एका दिवसात देवमाणसं झाली नाहीत. मोबाइलवर मोठ्यानं बोलणं, दारात उभं राहणं चालूच आहे. पण आता कुणी मुलगी अवघडून उभी दिसली की दोन-तीन माना तरी वळतात.

नर्सिंगची मुलगी हल्ली मोठ्याबाईंशेजारी बसते आणि खुणा शिकते. परवा तिनं मोठ्या उत्साहानं सगळ्यांना काहीतरी करून दाखवलं. पार मागच्या बाकड्यापर्यंत हसण्याची लाट गेली. मोठ्याबाईंनी डोळे पुसत तिची बोटं धरली, नीट वळवली आणि पुन्हा करायला लावलं. ती आधी काय बोलून गेली होती ते देव जाणे. सांगायला कुणी तयार नाही.