दिवाणातली टाकी

दिवाणात गॅसची टाकी लपवून आप्पाजींना मिळणार काय होतं? हिशेब मांडला तर जमेच्या बाजूला दोनच गोष्टी: निवांत झोप, आणि "आप्पाजी होते म्हणून आज जेवण झालं" असं कधीतरी सुनेनं म्हणावं, ही आशा.

टाकीची गरज उरलीच नव्हती. सर्जापूर रोडवरच्या त्या इमारतीत पाइपचा गॅस येऊन उन्हाळा उलटला होता. "आप्पा, एजन्सीचा माणूस आला की दोन्ही टाक्या देऊन टाका," असं मुलानं, दयानंदनं, ऑफिसला जाताना बजावलं होतं. आप्पाजींनी एक दिली. दुसरी वॉचमनला हाताशी धरून आपल्या खोलीतल्या दिवाणात घालून घेतली. उभी मावेना, म्हणून आडवी.

त्यांचीही बाजू आहे. निपाणीत गॅससाठी नाव नोंदवलं तेव्हा दयानंद पाळण्यात होता; नंबर लागला तेव्हा तो पाटी-दप्तर घेऊन शाळेत जात होता. गल्लीतली पहिली टाकी यांची. लग्नघरची माणसं दारात यायची, "आप्पाजी, तेवढी जादाची टाकी द्या की हो," आणि हे पानाचा देठ खुडत मुद्दाम वेळ काढायचे. त्याच्याही आधी गॅसबत्त्यांचा जमाना. यांच्या वरातीत दोन्ही बाजूंनी बत्त्या चालल्या होत्या. बत्तीतल्या मेंटलच्या जाळीचा तो पांढराशुभ्र उजेड आणि त्याचं अखंड सूं सूं नवरदेवाला सनईपेक्षा गोड लागलं होतं. पाइपला ना वजन ना आवाज. त्याचा भरवसा कुणी धरायचा? म्हणून घरात कुणी नसलं की आप्पाजी दिवाणाची फळी उचलत, टाकीचं टोपण काढत, चमच्याच्या दांड्यानं आतली पिन हलकेच दाबत. सूं. आहे, अजून आहे.

त्या दिवशी दुपारी असंच ऐकून ते खाली बागेत जाऊन बसले. दिवेलागणीला वर आले, तर दार सताड उघडं, आणि वीणा नाकाला ओढणी लावून हॉलमध्ये उभी.

"मामंजी, गॅसचा वास येतोय. मेंटेनन्सचा माणूस आलाय."

"पाइपचाच असणार," आप्पाजी म्हणाले. "मी पहिल्यापासून सांगत होतो."

मेंटेनन्सचा रविकिरण गळती शोधायचा साबणाचा फेस हातात घेऊनच स्वयंपाकघरातून बाहेर आला. "मेन वॉल्व बंद केला, सार. सगळ्या मजल्यांचा. पाइपात आता काही नाही."

"सगळ्या मजल्यांचा? माझं डाळीचं सारू अर्धं कच्चं की हो!" शेजारच्या वसुमती अक्का दारातून ओरडल्या. "आप्पाजी, निपाणीची ती तुमची टाकी मागवा बघू आता. रोज गोष्टी सांगता, आज उपयोगी पडू दे स्वल्प!"

एरवी आप्पाजींनी त्यांना सोडलं नसतं. आज त्यांनी आपल्या खोलीच्या बंद दाराकडे पाहिलं.

"पण अक्का," वीणा म्हणाली, "स्वयंपाकघरात वास कमी, आणि इथं जास्त. असं कसं?"

"शमिका कुठाय?" आप्पाजींनी नातीचं विचारलं.

"तुमच्या खोलीत. शाळेतून फोन आला म्हणून मीच लवकर घेऊन आले, अंग गरम होतं. तुमच्याच दिवाणावर झोपलीय. वास आत जाऊ नये म्हणून दार लावून घेतलंय."

टोपण. टोपण परत बसवलं होतं का? दाबलेली पिन वर आली होती का? आठवेना. तेवढ्यातही मनानं सौदा मांडलाच: गुपचूप आत जायचं, पोरीला उचलायचं, टोपण लावायचं, कुणाला काही कळायला नको. "मी बघून येतो तिला," ते म्हणाले.

"थांबा, आत अंधार आहे." वीणानं खोलीच्या दाराशेजारच्या बटणाकडे हात नेला.

"हात लावू नकोस!"

सुनेवर ते कधी ओरडले नव्हते. वीणानं हात मागे घेतला.

"टाकी आहे," आप्पाजी पुटपुटले. "दिवाणात. पोर तिच्यावरच झोपलीय."

रविकिरणनं दार ढकललं आणि वासाचा लोट तोंडावर आला. अंधारात दिवाणाच्या पोटातून आवाज येत होता. बारीक, अखंड, सूं सूं. आप्पाजींनी हातांनी कान झाकले. वीणानं चाचपडत शमिकाला उचललं. पोरीची मान खांद्यावरून लोंबली.

"शमू! ए शमू!"

रविकिरणनं खिडक्या उघडल्या, फळी उलथली, टाकी उभी केली, दोरीला लोंबणारं टोपण दाबून बसवलं. आवाज थांबला. वीणा पोरीला घेऊन जिन्याकडे धावली. मागे आप्पाजी, अनवाणी. जिन्यातल्या खिडकीपाशी शमिका एकदम आईच्या अंगावर ओकली आणि रडायला लागली. त्या रडण्यानं आप्पाजी पायरीवर मटकन बसले.

डॉक्टरांनी तपासून रात्रीच घरी सोडलं. आता हे कुणाला केवढ्याला पडलं, ते पाहू. इमारतीची रात्र हॉटेलच्या इडल्यांवर गेली. वीणा रात्रभर उठून उठून पोरीचा श्वास बघत होती. शमिकाला दोन दिवस अन्न गेलं नाही. दयानंद इलेक्ट्रॉनिक सिटीहून धावत आला, सगळं ऐकलं, आणि टाकी स्वतःच उचलून खाली नेली.

सोमवारपासून शाळेची बस आली की शमिका पूर्वीसारखी आप्पाजींकडे न थांबता वसुमती अक्कांकडे जाते, आई येईपर्यंत. "आज्जा, मी जाते," असं दारातूनच सांगते. बाकी सगळ्यांची फेड त्या आठवड्यात आटोपली. आप्पाजींची रोज दुपारी चालू आहे.