एकाच परातीतलं पाणी

"मामा, चोच नीट धर." यादिराने बॅटरी मारली. होला पक्ष्याच्या पिल्लाच्या घशात पिवळा, चिकट गोळा दाटला होता. श्वासासाठी धडपडत ते अर्सेनिओच्या तळहातावरच गेलं.

यादिरा त्याची भाची, बेटावरच्या अभयारण्यात नोकरीला. "तुझ्या कबुतरांचा रोग हा," ती म्हणाली. "बाहेरून आलेली जात. घशात जंतू बाळगतात, त्यांना काही होत नाही. आपले होले मात्र पटापट मरतात. पण कबुतरं तर जाळीत असतात. मग हे इथवर आलं कसं?"

टँकरने घरोघर पाणी पोचवण्यात अर्सेनिओची हयात गेली होती. थेंबभर फुकट गेलेलं त्याला खपत नसे. म्हणून कबुतरांच्या परातीतलं उरलेलं पाणी तो रोज अंगणातल्या काळ्या दगडापाशी ठेवायचा. त्या दगडाखाली चार काड्यांवर संसार थाटणाऱ्या होल्यांचं त्याला भारी कौतुक.

"मीच पाजलं," तो म्हणाला.

"मला आंघोळीला अर्धी बादली, आणि पाखरांना पाणपोई!" बायको, मेल्बा, दारातून म्हणाली. मग त्याचा चेहरा पाहून तिने जीभ चावली.

मुख्य भूमीवरच्या लोखाहून तो बोटीने बेटावर आला तेव्हा त्याच्या खोक्यात कबुतरांची जोडी होती. त्यांच्या घुमण्यावर त्याने परक्या बेटावरची पहिली वर्षं काढली होती. पाळलेली कबुतरं अभयारण्याकडे जमा करायचा हुकूम निघून वर्ष झालं, तरी तो 'आज देतो, उद्या देतो' करत होता.

"पेट्या आण," तो यादिराला म्हणाला. "मीच भरतो. परक्या हाताला बिथरतात."

त्यांचं पुढे काय होणार, हे त्याने विचारलं नाही. त्याला ठाऊक होतं. एकोणीस कबुतरं त्याने एकेक करून पेटीत ठेवली, आणि रिकाम्या खुराड्यात बसून पोटभर रडला.

तीन महिन्यांनी तो दगडाजवळून जात असताना होल्याची मादी फडफडत बाहेर पडली आणि एक पंख फरफटत लंगडू लागली.

"अगं बाई, पंख मोडला की हिचा!" मेल्बा ओरडली. "धर तिला!"

"मोडतोय कसला! आत अंडी घातलीत. मला लांब न्यायला सोंग करतेय."

"मग उभा का? ये आत."

"थांब, तिचं काम होऊ दे."

गुडघे ठणकत होते, तरी तो त्या मादीमागून निमूट कुंपणापर्यंत चालत गेला.