चारचौघांतली आत्या

चिमणीच्या डोक्यात शाळा पुन्हा भरवली ती आत्यानेच. चिमणीचं बाळ रांगायला लागलं तेव्हा शिलाई मशीनवरून मान वर न करता ती म्हणाली, "सतरा म्हणजे काय वय झालं का गं? जा तू वर्गात. पोराला मी बघते." चिमणीची आई दिवसभर लॉन्ड्रीत इस्त्रीला उभी, घरात दुसरं होतं कोण? आत्याने जुन्या गणवेशाच्या शिवणी उसवून तो सैल करून दिला. "आई झालीस, पण गणित कच्चंच असणार," म्हणून हसलीसुद्धा.

चिमणी परत येणार हे कळताच पालकांनी कुरकुर केली आणि मुख्याध्यापिकांनी सभा बोलावली. चिमणी मागे भिंतीशी उभी राहिली. आत्या पुढे बसली, बाळाला खांद्यावर घेऊन. तिची स्वतःची मुलगी त्याच वर्गात होती.

एक बाप म्हणाला, "हिला बघून आमच्या मुली काय शिकतील?"

"अभ्यास शिकतील," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "हिच्या घरचं कुणी बोलणार आहे?"

आत्या उठली. चिमणीचा जीव भांड्यात पडला.

"घरची असले तरी खरं तेच बोलेन. उद्या लोक माझ्या मुलीलाही हिच्याच तागडीत तोलतील. हिला वर्गात घेऊ नका." बोलताना ती बाळाची पाठ थोपटत होती.

मग सगळ्यांनाच कंठ फुटला. मुख्याध्यापिकांनी हात टेकले. "घरचेच नको म्हणतात तिथं मी काय करू? परीक्षा बाहेरून दे, पोरी."

बाहेर व्हरांड्यात आत्या म्हणाली, "मनाला लावून घेऊ नकोस. चारचौघांत असंच बोलावं लागतं."

"मग मला जा म्हणून सांगितलंस कशाला?"

"ते घरातलं बोलणं होतं गं."

चिमणीने बाळ काढून घेतलं. पायऱ्या उतरताना तिला पुढचं नीट दिसत नव्हतं.

आईने सगळं ऐकलं. तिने लॉन्ड्रीत संध्याकाळची पाळी मागून घेतली. सकाळी ती बाळाला सांभाळायची आणि चिमणी पुस्तकं घेऊन बसायची. वर्षभराने ती पास झाली. आत्या गल्लीभर सांगत सुटली, "आमच्या पोरीने नाव काढलं." मग बाळासाठी शिवलेलं झबलं घेऊन दारात आली.

"बसा," चिमणी म्हणाली. "आई येईलच. तुमच्यासाठी पाणी आणते."

जन्मात तिने आत्याला अहो-जाहो केलं नव्हतं. आत्या झबल्याची घडी हातात धरून उंबऱ्यातच उभी राहिली.