सिंकसमोरची फळी

मित्रांनो, ‘मी एक जुनी फळी आहे’ असे म्हणायला मला फार आवडले असते. पण जुने होण्याइतके आयुष्य माझ्या वाट्याला आलेच नाही. एका स्वयंपाकघराच्या जमिनीत मला बसवले, मी पाणी प्यायले आणि मला काढून टाकले. एवढीच माझी कहाणी. तरीही ऐका, कारण ती खरे तर माझी नाहीच.

माझा जन्म लाकडाच्या कारखान्यात झाला. मला करवतीने कापले, भट्टीत सुकवले, एका कडेला जीभ आणि दुसऱ्या कडेला खाच पाडली. शेजारणीची जीभ माझ्या खाचेत बसायची आणि माझी पुढचीच्या. इतक्या जिभा एकत्र नांदल्या, पण आम्हा बहिणींत कधी भांडण झाले नाही! वरून चकचकीत पॉलिश चढले आणि खोक्यात बसून आम्ही या घरी आलो.

लाकडाला घरची हवा मानवावी लागते, म्हणून काही दिवस आमची खोकी स्वयंपाकघरात नुसती उघडून ठेवली होती. तेव्हा मी जुनी जमीन पाहिली. तिला रूप म्हणून नव्हते. दाराशी एक फरशी डुगडुगायची. पुढच्या एकीचा कोपरा उडाला होता. सिंकसमोर उभे राहून राहून खळगा पडला होता आणि शेगडीपाशी खरखरीत पट्टा होता. ती जमीन पुसून पुसून घरच्या सुनेचे गुडघे गेले होते. तिला नवी जमीन हवी होती, यात तिचे काही चुकले नाही.

मुलगा आणि सून कामावर गेली, की दुपारी मुलाची आई अनवाणी आत यायची. डुगडुगती फरशी, तुटका कोपरा, खळगा, खरखरीत पट्टा. मग हात अचूक शेगडीवर. स्वतःपुरता कपभर चहा ती करी आणि कप विसळून जागच्या जागी ठेवी. पाहता पाहता माझ्या ध्यानात आले, की तिला दिसतच नव्हते. उजेड आणि सावली, बस्स. बाकीचे पाहण्याचे काम पाय करत होते. आईची नजर जरा अधू झाली आहे, असे मुलाला वाटे आणि तीही तसेच वाटू देई. झाकली मूठ सव्वा लाखाची. ती उघडली, तर चहा आपल्या हातून जाईल, हे ती ओळखून होती.

“आई, जमीन बदलतोय. चालेल ना तुला?” मुलाने विचारले.

“बदला की! मला काय, मी आपली बसून असते,” ती म्हणाली.

मिस्त्री आला. त्याच्या हाताइतकेच तोंड चालायचे. जुन्या फरशा फुटून पोत्यांतून बाहेर गेल्या. दाराचा उंबराही उडाला. रबरी हातोडीने ठोकून त्याने आम्हाला एकमेकींत बसवले आणि भिंतीशी बोटभर फट ठेवली. “फुगतं ना लाकूड, त्याला हलायला जागा नको?” तो म्हणाला. शेवटी आमच्यावरून तळहात फिरवून ऐटीत बोलला, “बघा ताई, नखसुद्धा अडकणार नाही!”

ते अगदी खरे होते. सून त्या दिवशी उगाचच या टोकापासून त्या टोकापर्यंत अनवाणी चालली. मलाही कौतुकाने भरून आले.

दुसऱ्या दुपारी आई दाराशी आली. तिने पाऊल टाकले, मग दुसरे. पायाला काहीच लागेना. शेगडी समजून तिने हात पुढे केला तो ओट्याच्या कडेवर आपटला. पातेले खाली आले आणि सगळे दूध आमच्यावर सांडले. गुडघ्यांवर बसून ती चाचपत पुसत राहिली. मी तिच्यासाठी काहीच करू शकले नाही. इतके गुळगुळीत असण्याची मला तेव्हा लाज वाटली.

संध्याकाळी डाग पाहून मुलगा म्हणाला, “आई, तू कशाला जातेस आत? थर्मास भरून ठेवतो ना तुझ्या खुर्चीजवळ.” बोलला तो मायेनेच. ती मान डोलावून बाहेर खुर्चीकडे वळली.

पुढे सिंकखालचा नळ झिरपू लागला. मी अगदी सिंकसमोर, त्यामुळे पाणी फटीतून माझ्यापर्यंत आले आणि मी फुगले. माझी एक कड वर आली, पॉलिश फाटले. बहिणींनी नाके मुरडली. आता आपले दिवस भरले, असे मी मानून चालले होते.

एका दुपारी ते पाय पुन्हा आले, भिंत धरून. पायाचा अंगठा माझ्या कडेला लागला आणि थांबला. ती मला अंगठ्याने घासत राहिली.

“अगं बाई! म्हणजे इथं आहे होय मी!” ती स्वतःशीच हसली. माझ्यापासून डावीकडे एक पाऊल, की शेगडी. त्या दुपारी तिने चहा केला. नंतर रोजच करू लागली. जाताना माझ्यावर पाय ठेवून क्षणभर उभी राही. मित्रांनो, माझे आयुष्य म्हणजे त्या दुपारी.

मग मुलाला माझी ठेच लागली. त्याने मिस्त्रीला बोलावले.

“अरे, राहू दे ना तेवढी एक,” आई खुर्चीतून म्हणाली. “कुणाला बोचतेय ती?”

“आई, तूच अडखळशील एखाद्या दिवशी. तुझ्यासाठीच तर काढतोय!” मुलगा हसत म्हणाला.

तिचे ओठ हलले. खरे सांगितले असते तर मूठ उघडली असती, नाही सांगितले तर मी जाणार होते. तिने मूठ झाकलीच ठेवली. मिस्त्रीने मला मधोमध कापले, पटाशीने उचकटले आणि माझ्या जागी एक नवी, सरळ बहीण चिकटवली. नळही दुरुस्त झाला.

आता मी दोन तुकड्यांत घराबाहेर, स्वयंपाकघराच्या खिडकीखाली पडून आहे. लाकूड पाण्यापासून जपा, असे मी तुम्हाला सांगायला हवे. पण माझे मागणे दुसरेच आहे. घरातले कुणी ‘राहू दे’ म्हणाले, तर एकदा तरी ‘का’ म्हणून विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा. मला ठाऊक आहे, फार कुणी थांबत नाही.

सुरुवातीला दुपारी पावले आत येताना ऐकू येत. जमिनीवर अंगठा फिरे, इकडे, तिकडे, पुन्हा इकडे, आणि पावले परत जात. आता ती येत नाहीत. बाहेरच्या खोलीत थर्मासचे झाकण फिरल्याचा आवाज तेवढा येतो.